दुखतं किती, हे विचारायला हवं

जुलै महिना म्हणजे त्र्यंबकच्या डोंगरपट्ट्यात झाडं लावायचा हंगाम. जुलै २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या देवगावच्या शासकीय आश्रमशाळेतही वृक्षारोपण होतं. पाळी आलेल्या मुलींनी रोपांना हात लावू नये, मागे अशा मुलींनी लावलेली झाडं जगली नाहीत, असं एका शिक्षकाने सांगितल्याची तक्रार बारावीत विज्ञान शिकणाऱ्या एका आदिवासी मुलीने केली. प्रकरण आदिवासी विकास विभागापर्यंत गेलं, चौकशीचे आदेश निघाले, राज्य महिला आयोगाने दखल घेतली आणि देशभरच्या वर्तमानपत्रांत देवगावचं नाव छापून आलं. त्याच तक्रारीत आणखी एक गोष्ट होती. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तसा नियम नसताना प्रवेशाच्या वेळी मुलींना गरोदरपणाची लघवीची तपासणी करून घ्यायला लावतात, असं त्या मुलीचं म्हणणं होतं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र स्वच्छ दिसतं. मुलीच्या गर्भाशयाविषयी मोठ्या माणसांना दोन प्रश्न पडले होते. तिला आत्ता विटाळ आहे का, आणि ती गरोदर तर नाही ना. तिला काही त्रास होतो का, पाळीत दुखतं का, दुखलं तर किती, हा तिसरा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात कुठेच ऐकू आला नाही.

पुढची पानं त्या तिसऱ्या प्रश्नासाठी आहेत. आश्रमशाळांमधल्या मुली, त्यांच्या आया, अधीक्षिका, शिक्षक, आशाताई आणि अंगणवाडीसेविका यांच्यासाठी ती लिहिली आहेत. मुलींच्या वडिलांनी आणि भावांनीही ती वाचावीत, अशी मनापासून इच्छा आहे.

*

झाड मरण्याची समजूत त्र्यंबकच्या डोंगरात जन्मलेली नाही, आणि ती आदिवासींच्या माथी मारणं तर सरळ अन्याय आहे. तक्रार करणारी मुलगी आदिवासी होती आणि आरोप शिकलेल्या माणसावर होता, हे विसरून चालणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात पाळीतल्या बाईच्या स्पर्शाने पिकं वांझ होतात, कलमं सुकतात, मधमाशा मरतात, असं लिहून ठेवलं आहे. १९२० मध्ये व्हिएन्नातल्या बेला शिक या नामवंत बालरोगतज्ज्ञाने त्याच समजुतीला विज्ञानाचे कपडे चढवले. घटसर्पाची ‘शिक चाचणी’ ज्याच्या नावाने ओळखली जाते, तोच हा डॉक्टर. पाळी आलेल्या मोलकरणीच्या हाती दिलेली फुलं दुसऱ्या दिवशी कोमेजली, यावरून त्याने पाळीच्या काळात अंगातून ‘मेनोटॉक्सिन’ नावाचं विष बाहेर पडतं, असा तर्क मांडला. पुढची कित्येक वर्षं ते विष शोधण्यात गेली. असं कुठलंही विष पाळीच्या रक्तात सापडलं नाही.

त्याच व्हिएन्नात, शिकच्या साठ वर्षं आधी, १८६० मध्ये कार्ल फॉन रोकिटान्स्की या विकृतिशास्त्रज्ञाने एका आजाराचं वर्णन केलं होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती काही बायकांच्या पोटात गर्भाशयाच्या बाहेर वाढलेली त्याला आढळली होती. आज त्या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. एकाच शहरात एकाला आजार दिसला आणि दुसऱ्याने विष कल्पिलं. शतक उलटून गेलं तरी विषाची गोष्ट गावोगाव ठाऊक आहे. आजाराचं नाव मात्र शिकल्यासवरल्या घरांतही पुष्कळांनी ऐकलेलं नाही.

*

त्र्यंबकेश्वर हे सोवळ्याओवळ्याचं भान रोज जगणारं गाव आहे. ज्योतिर्लिंग, कुशावर्त, ब्रह्मगिरीतून उगम पावणारी गोदावरी, नारायण नागबलीसारखे विधी आणि बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ यांवर या गावाचं पोट आणि प्रतिष्ठा दोन्ही उभी आहेत. बायकांना गाभाऱ्यात प्रवेश द्यावा की नाही, यावरून एप्रिल २०१६ मध्ये इथे मोठा वाद झाला. देवस्थानाने सकाळचा एक तास आणि ओल्या वस्त्राची अट घालून प्रवेश मान्य केला, तेव्हा काही बायका पोलीस बंदोबस्तात आत गेल्या. वाद गाजला, निवळला. घरोघरी जी चार दिवसांची शिवाशिव पाळली जाते तिच्यापर्यंत तो पोहोचला नाही.

याच गावात संत निवृत्तिनाथांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला लाखभर वारकरी कडाक्याच्या थंडीत इथे येतात, आणि त्यांच्या दिंड्यांत डोईवर तुळस घेतलेल्या बायका असतात. या वारकऱ्यांच्या परंपरेत चौदाव्या शतकात चोखोबांच्या घरातली सोयराबाई होऊन गेली. विटाळ वगळून कुणाचा देह घडला आहे, असा सवाल तिने आपल्या अभंगातून थेट विठ्ठलालाच केला होता. म्हणजे प्रश्न विचारणारी बाई या मातीला नवी नाही. देवगावची ती मुलगीही त्याच रांगेतली.

*

पाळीबद्दल बोलायचं नसतं, असं आज सर्रास म्हटलं जातं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत पाळीची बातमी आळीभर होत असे. मुलीला पहिलं न्हाण आलं की तिला मखरात बसवत, साखर वाटत, सासरी निरोप धाडत. बालविवाह झालेल्या त्या मुलीला आता नवऱ्याच्या घरी पाठवायला हरकत नाही, असा त्या सोहळ्याचा अर्थ होता. या प्रथेवरूनच १८९१ मध्ये संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला. वयाची मर्यादा दहावरून बारा करण्याच्या त्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला आणि आगरकरांनी ‘सुधारक’मधून पाठिंबा दिला. गाव, जात, धर्मशास्त्र आणि सरकार या सगळ्यांनी मुलीच्या पाळीवर मत दिलं. जिला पाळी आली होती तिला मात्र आपल्या शरीरात काय झालं, हे सांगायला कुणी बसलं नाही.

ते काम मराठीत जाहीरपणे हाती घेतलं रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. त्यासाठी खटले सोसले, दंड भरला. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. शरीराविषयी विचारलेल्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा नाही, हे पटवून देण्यासाठी कर्व्यांना १९५३ मध्ये मरेपर्यंत झगडावं लागलं. योगायोग असा, की ‘समाजस्वास्थ्य’ निघालं त्याच १९२७ मध्ये अमेरिकेत जॉन सॅम्पसन या डॉक्टरने एंडोमेट्रिऑसिस कसा होत असावा याचा आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला.

अलीकडे या कामात बरीच माणसं उतरली आहेत. वाईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शंतनू अभ्यंकर यांनी ‘पाळी मिळी गुपचिळी’ लिहिलं. पुण्याची ‘समाजबंध’ ही संस्था आदिवासी पाड्यांवर जाऊन कापडी पॅड शिकवता शिकवता बायकांना बोलतं करते. नाशिक शहरात अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका कुटुंबाने मुलीची पहिली पाळी नातेवाइकांना बोलावून साजरी केली. जुन्या मखरात मुलगी गप्प बसलेली असे. या सोहळ्याचा हेतूच तिच्याशी मोकळेपणाने बोलण्याचा होता.

*

सरकारी पातळीवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे झालं ते प्रामुख्याने पॅडचं काम आहे, आणि ते मोलाचं आहे. ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात ‘अस्मिता’ योजना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत, बचत गटांच्या हस्ते मिळावं, अशी ती रचना होती. त्याच वर्षी जुलैमध्ये पॅडवरचा १२ टक्के जीएसटी उठला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बदल दाखवतात. १५ ते २४ वयाच्या मुलींमध्ये पाळीत आरोग्यदायी साधन वापरणाऱ्यांचं देशातलं प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८ टक्के होतं. २०१९-२१ मध्ये ते ७८ टक्क्यांवर गेलं. शाळकरी मुलींसाठी देशभर एकसमान धोरण आखा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये केंद्राला सांगितलं.

त्र्यंबकच्या पाड्यांवर मात्र पॅडची गोष्ट पाण्यापाशी येऊन अडते. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतो आणि उन्हाळ्यात मेटघरच्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून तांब्या-तांब्याने हंडा भरतात. खरशेतजवळच्या शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीच्या घळीवर टाकलेल्या लाकडाच्या ओंडक्यांवरून पाण्यासाठी जात. २०२२ च्या जानेवारीत तिथे लोखंडी पूल बसला आणि त्याच वर्षी जुलैच्या पुरात तो पाण्याखाली गेला. जिथे प्यायचं पाणी असं मिळतं तिथे कापड दोनदा धुऊन उन्हात वाळवा, हा सल्ला देताना जीभ अडखळायला हवी. चार महिने ऊन दिसत नाही. घडी घरातल्या कोनाड्यात, दुसऱ्या कपड्याखाली दडवून वाळवली जाते आणि ओलसरच वापरली जाते. कापड वाईट नसतं. स्वच्छ धुतलेलं, कडकडीत वाळलेलं सुती कापड उत्तम काम करतं. त्याला पाणी, ऊन आणि आडोसा लागतो, आणि या तिन्ही गोष्टी बाईच्या एकटीच्या हातात नाहीत.

एवढं सगळं खरं असूनही एक उणीव राहतेच. सर्वेक्षण मुलीला विचारतं, तू काय वापरतेस. योजना मोजते, किती पाकिटं वाटली. मुलीला दुखतं का, हे या रकान्यांमध्ये कुठेही बसत नाही. शाळेचा धडाही तिथे फार मदत करत नाही. मासिक पाळीचं चक्र आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात नीट समजावलं आहे, आकृत्या आहेत, संप्रेरकांची नावं आहेत. पण बहुतेक मुलींना पाळी त्याच्या दोन-तीन वर्षं आधीच आलेली असते. तोवर जे शिकायचं ते तिने मोठ्या बहिणीकडून, मैत्रिणीकडून किंवा घाबरून एकटीने शिकून घेतलेलं असतं.

*

आता दुखण्याकडे वळू.

पाळीत थोडंफार दुखणं नैसर्गिक आहे. गर्भाशयाचं अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात आणि ओटीपोटात कळा येतात. कंबर धरते, मांड्या भरून येतात. पहिल्या एक-दोन दिवसांत हे ओसरतं. शेक, थोडी हालचाल, फार तर एखादी गोळी, एवढ्यावर भागतं आणि मुलगी वर्गात बसू शकते.

एंडोमेट्रिऑसिसचं दुखणं वेगळं असतं. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अंडाशयावर, बीजनलिकांवर, गर्भाशयामागच्या पोकळीत, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर रुजते. दर महिन्याच्या संप्रेरकांना तीही प्रतिसाद देते, सुजते, तिच्यातून रक्त झिरपतं. गर्भाशयातल्या रक्ताला बाहेर पडायला वाट असते, या रक्ताला नसते. मग तिथे दाह होतो, व्रण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. अंडाशयात जुनं रक्त साठून गडद तपकिरी द्रवाच्या गाठी होतात. डॉक्टर त्यांना चॉकलेट सिस्ट म्हणतात.

हे कशामुळे होतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. सॅम्पसनचं म्हणणं असं होतं, की पाळीचं थोडं रक्त उलट्या दिशेने बीजनलिकांतून पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असं उलटं वाहणं बहुतेक सगळ्या बायकांमध्ये होतं, आजार मात्र काहींनाच होतो. म्हणून अनुवंश, प्रतिकारशक्ती आणि संप्रेरकं यांचाही अभ्यास चालू आहे. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेत डॉ. राहुल गजभिये यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांमधल्या एंडोमेट्रिऑसिसचा अनेक केंद्रांवर अभ्यास सुरू झाला, ही महाराष्ट्रासाठी महत्त्वाची गोष्ट आहे. आजवरची या आजाराची बरीचशी माहिती युरोप-अमेरिकेतल्या बायकांवरून आलेली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के मुली आणि बायकांना, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणींना हा आजार असतो. निदान व्हायला ४ ते १२ वर्षं लागतात. इतकी वर्षं का जातात, हे कुठल्याही घरात बसलं तरी कळतं. मुलगी सांगते, पोटात दुखतंय. आई म्हणते, सगळ्यांनाच दुखतं. आजी म्हणते, लग्न झालं की थांबेल. लग्नानंतर सासू म्हणते, एक मूल झालं की थांबेल. गरोदरपणात पाळी बंद असल्याने काहींना तात्पुरता आराम मिळतो, हे खरं. पण मूल होणं हा या आजारावरचा उपचार नाही, आणि या आजारामुळेच पुष्कळ जणींना मूल राहायला अडचण येते. मग तिला वांझ म्हणायला जग मोकळं असतं. तेराव्या वर्षी सांगितलेलं दुखणं तेव्हाच कुणी ऐकलं असतं, तर पुढच्या अनेक गोष्टी टळल्या असत्या.

मग कोणतं दुखणं साधं समजू नये? ज्यामुळे दर महिन्याला शाळा किंवा मजुरी बुडते. जे गोळी घेऊनही थांबत नाही. जे पाळीच्या आधीच सुरू होतं आणि पाळी संपली तरी रेंगाळतं. जे वर्षागणिक वाढत जातं. पाळीच्या दिवसांत संडासला किंवा लघवीला बसताना कळ येणं, शरीरसंबंधाच्या वेळी आत खोल दुखणं, सततचा थकवा, पोट फुगून राहणं, मूल न राहणं. यातली एखादी गोष्ट असली म्हणजे एंडोमेट्रिऑसिसच आहे, असं मुळीच नाही. गर्भाशयाच्या गाठी, जंतुसंसर्ग, जननेंद्रियांचा क्षयरोग अशी दुसरी कारणंही असतात. पण यातलं काहीही असलं तरी डॉक्टरकडे जाण्याला ते पुरेसं कारण आहे.

इलाज आहेत, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. आजार मुळासकट घालवणारं औषध अजून नाही. तरी वेदनाशामकं, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरज पडल्यास दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांनी आयुष्य पुष्कळ सुसह्य होतं. पूर्वी पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये ही भूमिका बदलली. लक्षणांवरून संशय आला तर दुर्बिणीची वाट न पाहता औषधं सुरू करता येतात, असं आता मानलं जातं. त्र्यंबक तालुक्यातल्या हरसूलसारख्या ठिकाणच्या ग्रामीण रुग्णालयासाठी हा बदल फार उपयोगाचा आहे. साधी सोनोग्राफी सुरुवातीच्या आजारात नॉर्मल येऊ शकते, हेही लक्षात ठेवायला हवं. ‘रिपोर्टमध्ये काही नाही’ म्हणजे ‘हिला काही होत नाही’ असं होत नाही.

संप्रेरकांच्या गोळ्यांचं नाव काढलं की घर बिथरतं. या गोळ्यांतल्या काही म्हणजे आशाताईंच्या पिशवीत असणाऱ्या ‘माला-एन’सारख्या गर्भनिरोधक गोळ्याच. लग्न न झालेल्या मुलीला डॉक्टरांनी त्या दुखण्यासाठी दिल्या, तर गावात काय बोलतील, या धास्तीने पाकीट फेकून दिलं जातं. त्या औषध म्हणूनही दिल्या जातात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिल्या जातात, हे आईला आणि वडिलांनाही आधी समजावलं तर मुलीचा उपचार चालू राहतो. उलट दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या दर महिन्याला मूठभर खाल्ल्या जातात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पाळीच्या दुखण्यावर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिडमुळे क्वचित गंभीर अॅलर्जी होऊ शकते, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस दिला. गोळी घ्यायचीच नाही, असा त्याचा अर्थ नाही. किती घ्यायची, कधी थांबायचं आणि अंगावर पुरळ उठलं तर काय करायचं, हे ठाऊक असायला हवं.

*

दुखणं न ऐकण्याची किंमत महाराष्ट्राने मोजून पाहिलेली आहे.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगाने कान टवकारले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता, दर बाईमागे सरासरी ३.६ आजार होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, असंच धोरणकर्ते धरून चालत. या दोन गावांतल्या बायकांनी तो समज मोडला.

तीस वर्षांनी बीडमधून दुसरा आकडा आला. ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली जात असल्याचं उघड झाल्यावर २०१९ मध्ये सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पाळीत दुखतं, अंगावरून जास्त जातं, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाक, कटकट संपेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही पिशवी काढलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी पाळीतला अतिरक्तस्राव किंवा वेदना हेच कारण सांगितलं आहे. त्यातल्या किती जणींना साध्या औषधाने बरं वाटलं असतं, हे आता कळायला मार्ग नाही.

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा इथली माणसं ऊस तोडायला बीडसारखी जात नसतील, पण भात निघाला की कुटुंबंच्या कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. रोजंदारीचं गणित तिथेही तेच असतं. त्यात रक्त कमी. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या मुलीला महिन्यातून सात-आठ दिवस भरपूर रक्तस्राव होत असेल, तर तिची शाळेतली पेंग आळसाची नसते.

*

मुलींना शिकवून हे काम पुरं होत नाही, याचे दोन पुरावे अगदी जवळचे आहेत. मे २०२३ मध्ये उल्हासनगरात एका माणसाने आपल्या बारा वर्षांच्या बहिणीला मारहाण करून तिचा जीव घेतला. तिच्या कपड्यांवर रक्त दिसलं आणि तिचे कुणाशी तरी संबंध आहेत असा त्याने अर्थ काढला. ती तिची पाळी होती. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून कुणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींना कपडे उतरवायला लावल्याचं उघड झालं आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. इगतपुरीचा घाट उतरला की शहापूर लागतं, त्र्यंबकपासून ते काही तासांवर आहे. एका घटनेत अज्ञान भावाचं होतं, दुसरीत शिकलेल्या शिक्षिकेचं. म्हणून वर्ग मुलांचाही घ्यायला हवा आणि शिक्षकांचाही.

शाळेत हे शिकवता येतं, याचा दाखला न्यूझीलंडचा आहे. तिथे १९९७ पासून शाळांमध्ये पाळीचं आरोग्य आणि एंडोमेट्रिऑसिस या विषयावर वर्ग घेतले जातात. जिथे ते नेमाने होतात तिथल्या मुली लक्षणं ओळखून लवकर डॉक्टरकडे येतात, असं दिसून आलं. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये या आजारासाठी राष्ट्रीय कृती आराखडा केला, फ्रान्सने २०२२ मध्ये राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. आपल्याकडेही पाया अगदीच नाही असं नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ आहेत. आश्रमशाळांत मुलींची आरोग्य तपासणी होते. या तपासणीत वजन आणि उंचीच्या शेजारी पाळीच्या दुखण्याचे तीन प्रश्न आले, तर त्याला वेगळा निधी लागत नाही. दर महिन्याला दुखण्यामुळे शाळा बुडते का? गोळीने थांबतं का? दुखणं वाढत चाललं आहे का?

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच कामाच्या सोयीने केली आहे. पहिलं प्रकरण पाळी यायच्या आधीच्या वयासाठी, म्हणजे पाचवी-सहावीच्या मुलामुलींसाठी आहे आणि ते दोघांना एकत्र बसवून वाचायचं आहे. दुसऱ्यात कापड, पॅड, पाणी आणि विल्हेवाट यांचा विचार पाड्यावरची परिस्थिती धरून केला आहे. तिसऱ्यात दुखण्याची वही आहे. तारीख, किती दिवस, किती रक्तस्राव, शून्य ते दहात वेदना किती आणि त्या दिवशी काय बुडालं, एवढंच तिच्यात मुलीने लिहायचं आहे. तीन महिन्यांची अशी वही समोर ठेवली, तर गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं मिळालेल्या डॉक्टरलाही दिशा सापडते. ज्यांना लिहिता येत नाही अशा आयांसाठी तीच वही टिंबांची आणि चित्रांची केली आहे. चौथं प्रकरण आशाताई आणि अधीक्षिकांचं आहे. कुणाला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं, कुणाला थेट नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं, सोबत कोणी जायचं, आणि पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत कसं घ्यायचं, हे त्यात टप्प्याटप्प्याने सांगितलं आहे. शेवटचं प्रकरण वडील, भाऊ आणि पुरुष शिक्षकांना उद्देशून लिहिलं आहे. वेळ कमी असेल तर शाळांनी निदान तिसरं आणि शेवटचं, ही दोन प्रकरणं जूनमध्ये, वर्ग भरल्याच्या पहिल्या पंधरवड्यातच घ्यावीत. झाडं लावायचा हंगाम त्यानंतर येतो.